८ जीबीची मर्यादा नेमकी कोणाची?

मोठा डेटा उघडला की लॅपटॉप गुदमरतो? नवा घेण्याआधी हे बघा. २०१२च्या मध्यात आलेल्या १३ इंची मॅकबुक प्रोसाठी ॲपलने कमाल रॅम ८ जीबी सांगितली होती. प्रत्यक्षात त्यात १६ जीबी चालते. कसं? त्यातला प्रोसेसर ३२ जीबीपर्यंत सांभाळतो, स्लॉट दोन आहेत आणि ८ जीबीच्या पट्ट्या मिळतात. तुमच्या लॅपटॉपच्याही या तीन गोष्टी तपासा. रॅम बोर्डावरच सोल्डर केलेली असेल, तर विषय संपला.

पण लॅपटॉप सुरू झाला म्हणजे झालं, असं नाही. रात्रभर मेमटेस्ट चालवा. एक जरी चूक दिसली तरी पट्टी परत करा. खराब रॅम दरवेळी मशीन बंद पाडत नाही. कधी गुपचूप एखादा आकडा बदलते, आणि तोच प्रबंधात जातो.