यादीच्या लांबीवर जाऊ नका

मान्सूनचे पहिले पाऊस झाले की पश्चिम घाटातल्या आंबोलीच्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळी पठारावर, जांभ्याच्या खळग्यांत पाणी साचतं. त्या उथळ डबक्यांत एक छोटा भेक अंडी घालतो. अंगावर वाघासारखे पट्टे, म्हणून नाव ‘झँथोफ्रायनी टायगेरिना’. शास्त्रात त्याची नोंद झाली 2009 साली. आंबोली आणि आसपासचा मुलूख, एवढंच त्याचं जग.

आता इथल्या प्राण्यांची यादी करून शेजारच्या सदाहरित जंगलाच्या यादीशी ताडून पाहिली, तर सडा बहुधा हरेल. पण जपायच्या जागा निवडताना नुसती यादीची लांबी बघणं फसवं असतं. समजा, एका जंगलात शंभर जाती आहेत, दुसऱ्यात नव्वद; पण त्या नव्वदातल्या पंचाऐंशी पहिल्यातही आहेत. तिसरी जागा सडा, जाती चाळीसच, मात्र त्यातली एकही त्या दोन जंगलांत नाही. दोनच जागा राखता येणार असतील, तर पहिलं जंगल आणि सडा घ्यावा. एकूण 140 जाती पदरात पडतात. दोन्ही जंगलं घेतली तर 105. अभ्यासक याला पूरकता म्हणतात.

जगाच्या नकाशावर जपायच्या जागा निवडण्याचं काम पर्यावरणशास्त्रज्ञ नॉर्मन मायर्स यांनी केलं. 2000 सालच्या त्यांच्या कसोट्या दोन: किमान 1,500 प्रदेशनिष्ठ, म्हणजे इतरत्र न सापडणाऱ्या वनस्पती, आणि मूळ नैसर्गिक वनस्पती-आच्छादनापैकी 70 टक्के तरी गमावलेलं. त्यांच्या 25 ‘हॉटस्पॉट’मध्ये श्रीलंकेसह पश्चिम घाट होता. पण अख्खा घाट महत्त्वाचा म्हटल्यावर, नेमका कुठला डोंगर? पश्चिम घाटासाठी नेमलेल्या माधव गाडगीळ समितीने 2011 च्या अहवालात घाटाचे साधारण नऊ-नऊ किलोमीटरचे चौकोन पाडून प्रत्येकाला संवेदनशीलतेचे गुण दिले. समितीच्या शिफारशींवर रणं माजली, पण अशी पारदर्शक मोजणी हवीच होती. तरीही एवढ्या चौकोनात काही एकरांचा सडा सहज हरवतो.

बारकाईने पाहिलं तर छोटी जागाही वाचते. आंबोलीतल्याच हिरण्यकेशी मंदिराचा परिसर 2021 मध्ये जैविक वारसा स्थळ झाला. क्षेत्र जेमतेम दोन हेक्टर, निमित्त ‘शिस्टुरा हिरण्यकेशी’ नावाचा एक चिमुकला मासा. कोकणातले बरेच सडे मात्र सातबाऱ्यावर आजही पोटखराबा, म्हणजे लागवडीला निरुपयोगी जमीनच आहेत. कुठे चिऱ्याच्या खाणी, कुठे माती भरून आंब्याच्या बागा.