अठरा कोटी गाणी आणि एक मैदान

2023 संपताना जगभरातल्या स्ट्रीमिंग सेवांवर 18 कोटी 40 लाख गाणी साठली होती, असं ल्युमिनेट या मोजदाद करणाऱ्या कंपनीचा अहवाल सांगतो. एक गाणं तीन मिनिटांचं धरा आणि न जेवता, न झोपता ऐकत सुटा. 1,050 वर्षं लागतील. अक्षीचा 1012 सालचा मराठी शिलालेख कोरण्याच्या चाळीसेक वर्षं आधी कुणी हेडफोन लावला असता, तर त्याचं 2023 मध्ये कुठे आटपलं असतं. अर्थात आटपलं नसतंच, कारण त्या वर्षी रोज सरासरी 1,03,500 नव्या गाण्यांची भर पडत होती. एका दिवसाची आवक ऐकायलाच सात महिने!

या ढिगातल्या 4 कोटी 56 लाख गाण्यांना वर्षभरात एकही श्रोता मिळाला नाही. गाणाऱ्याच्या आईनंही ऐकलं नाही म्हणायचं. 2011 च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या 16,15,069 होती. ही बेवारस गाणी जिल्ह्यात वाटली, तर पाळण्यातल्या पोरासकट प्रत्येकाच्या वाट्याला 28 येतात.

आणि ज्यांना श्रोते मिळाले त्यांचं काय? न ऐकलेली धरून शंभरातली 86 गाणी वर्षात हजार वेळाही वाजली नाहीत. 2024 पासून स्पॉटिफायनं नेमकी तिथंच रेघ मारली: आधीच्या 12 महिन्यांत हजार वेळा वाजलं नाही, तर रेकॉर्डिंगच्या मानधनाचा एक पैसाही नाही.

स्पॉटिफाय मूळची स्वीडनची. त्याच देशात 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला व्हेस्टेरोसच्या पोरांनी लूपट्रूप हा रॅपचा गट काढला, कॅसेटी स्वतःच काढून खपवल्या आणि पुढं स्वतःच्या कंपनीला नाव दिलं ‘डेव्हिड व्हर्सेस गोलायथ’. स्वीडनची लोकसंख्या कोटीच्या थोडी वर. मराठी मातृभाषा सांगणारे 2011 मध्ये 8 कोटी 30 लाख. त्या हिशेबानं आपल्याकडे आठ लूपट्रूप हवेत. मुंबईचा स्वदेशी हा गट मराठीसह अनेक भाषांत स्वतंत्रपणे रॅप करतो. 2024 मध्ये क्रेटेक्स आणि श्रेयस सागवेकर यांचं ‘तांबडी चामडी’ हे गाणं जोरात वाजलं, पण ते नेदरलँड्सच्या स्पिनिन रेकॉर्ड्सकडून आलं होतं.

माझ्या मते मात्र रत्नागिरीत कंपनीवाचून आपलं गाणं आपणच उभं करण्याचा हा प्रकार रॅपच्या कितीतरी आधीपासून आहे. जाखडी या कोकणी लोकनृत्यातला शक्ती-तुऱ्याचा सामना घ्या. एक शाहीर शक्तीची बाजू घेतो, दुसरा तुऱ्याची, म्हणजे शिवाची. भोवती पायात घुंगरू बांधलेली मंडळी गोल फिरून नाचतात, ढोलकी-झांज तापत जाते. गण, गवळण झाली की सवाल-जवाब सुरू. पुराणातलं कोडं घालायचं, समोरच्यानं ते सोडवायचं आणि जाता जाता टोमणाही मारायचा. शब्द आपलेच. गिरणगावात गेलेल्या चाकरमान्यांनी हा सामना मुंबईच्या नाट्यगृहांत नेला, तिकीट लावून. रेकॉर्ड कंपनीवाचून त्यांचं काही अडलं नाही.

आता स्पॉटिफायच्या त्या हजाराच्या रेघेचा हिशेब इथं लावून बघा. मैदानात हजार माणसं बसली, तर पहिला गण संपतानाच रेघ ओलांडली गेली. रात्रभरात अशी वीस गाणी झाली, तर वीसही ओलांडून गेली, म्हणजे वीस हजार वेळा ऐकणं एका रात्रीत. स्पॉटिफायच्या खात्यात मात्र यातलं एकही जमा होत नाही. शाहिराची बिदागी आयोजकाकडून, रोख.