पिल्लाला पळवायची घाई नको!

गेल्या उन्हाळ्यात अजिंठ्याला भावाच्या शेतावर गेले होते. अंगणात पाऊल टाकलं तर नेहमी झेप घेत येणारा राजा जागचा हलेना. सात महिन्यांचं कारवानी पिल्लू, लांब पाय, बारीक कंबर. पण पुढचा डावा पाय उचलून धरलेला.

“काय झालं गं वहिनी?”

“होणार काय? आपल्या चिरंजीवांनी मोटारसायकलीला बांधून फर्दापूरपर्यंत घाट उतरवला. म्हणे, दम वाढवायचा आहे!”

नशीब, हाड मोडलं नव्हतं. डॉक्टरांनी सहा आठवडे सक्तीची विश्रांती सांगितली. भाच्याचा चेहरा मात्र बघवत नव्हता. त्याने प्रेमापोटीच केलं होतं हो! पण प्रेमाला माहितीची जोड हवी.

मैत्रिणींनो, कारवानी, पश्मी, मुधोळ ही आपल्या दख्खनची पळणारी कुत्री. मुधोळच्या घोरपडे राजघराण्याने ही जात नावारूपाला आणली. 2005 साली टपाल खात्याने तिचं तिकीटही काढलं. पळणं रक्तातच आहे, मग लहानपणापासून पळवलं तर बिघडलं कुठे, असं वाटणं साहजिक आहे. बिघडतं ते असं: पिल्लाच्या लांब हाडांच्या टोकांशी मऊ कूर्चेची पट्टी असते, तिथूनच हाड वाढतं. ती पट्टी हाडाहून कच्ची. तिला सतत मार बसला तर पाय वाकडा होतो, नाहीतर आखूड राहतो, आणि ते दुखणं जन्माचं. लहान चणीच्या कुत्र्यांत ही वाढ नऊ ते बारा महिन्यांत पुरी होते. मोठ्या चणीच्यांत बारा ते अठरा महिने लागतात.

तेव्हा वयाप्रमाणे असं धोरण ठेवा.

सहा महिन्यांपर्यंत फक्त खेळ. मऊ मातीत, गवतावर, त्याच्या मर्जीने. दमलं की ते आपणच बसतं, बसू द्या. लसी वेळेवर टोचून घ्या. रेबीजची लस तीन महिन्यांनंतर, आणि मग डॉक्टर सांगतील तेव्हा पुन्हा.

सहा महिने ते वर्ष-सव्वा वर्ष साखळी धरून फिरणं. सकाळ-संध्याकाळ पंधरा-वीस मिनिटं पुरे. उंचावरून उड्या, डांबरी रस्त्यावर धावणं, सायकलीमागे पळणं, सगळं वर्ज्य.

त्यानंतर डॉक्टरांना पाय आणि छाती दाखवा. त्यांनी होकार दिला की खरा सराव सुरू. पहिले दोन आठवडे एकाआड एक दिवस वीस मिनिटं झपझप चालणं. मग एक मिनिट दुडकी, दोन मिनिटं चाल, असं आलटून पालटून. दर आठवड्याला थोडंच वाढवा, दहाव्या हिश्श्याहून जास्त नको. चौथा आठवडा हलका ठेवा. अशा बेताने तीनेक महिन्यांत चार-पाच किलोमीटर सहज जमतात. दुसऱ्या दिवशी कुत्रं लंगडलं किंवा उठायला कुरकुरलं, तर समजा की कालचं जास्त झालं.

घाटाजवळ राहणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवावं. कुत्र्याचं साठ टक्के वजन पुढच्या पायांवर असतं. चढण चांगली, त्याने मागच्या मांड्या भरतात. उतारावर मात्र सगळा भार खांद्यांवर येतो. उतरताना कायम सावकाश.

आपल्याकडचं ऊन तर तुम्ही जाणताच. कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही. जीभ काढून धापा टाकणं हाच त्याचा पंखा. पहाटे नाहीतर दिवस कलल्यावर उशिराच बाहेर काढा. हाताची मागची बाजू रस्त्यावर सात सेकंद टेकवून पाहा. तुम्हाला चटका बसला तर त्याच्या तळव्यांनाही बसणार! धाप थांबेना, लाळ घट्ट झाली, पाय लटपटले, तर ती उष्माघाताची खूण. सावलीत न्या, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि तडक डॉक्टरांकडे.

आता आपल्या हातातली गोष्ट, खाणं. खोल छातीच्या कुत्र्याला भरल्या पोटी पळवलं तर पोट फुगून पीळ पडण्याची भीती असते. जेवण आणि पळणं यांत दोन तास जाऊ द्या. नुसत्या दूध-भाकरीवर स्नायू भरत नाहीत. उकडलेलं अंडं, मांस द्या. कांदा-लसणाचा उरलेला रस्सा मात्र नको, तो त्याला विष आहे. आणि कॅल्शियमची पूड कोणी सांगितली म्हणून घालू नका. जास्त झाली तर वाढत्या हाडांना अपायच करते.

आणखी एक. डोंगरात कुत्रा मोकळा सोडून सशामागे घालणं म्हणजे शिकार, आणि 1972 च्या कायद्याने तो गुन्हा आहे. शिवाय बिबट्याची भीती वेगळीच.

राजा आता दीड वर्षाचा आहे. पाय सरळ आहे. पहाटे भाचा त्याला शेताच्या बांधाने नेतो. मोटारसायकल गोठ्यातच असते, आणि किल्ली वहिनीच्या कमरेला!