पिसाचा किडा, तांब्याची तार

गळाला गांडूळ लावून मासे धरणं आपल्याला नवं नाही. कोकणात तर पावसाळ्यात गरवायला जाणं हा पोरांचा ठरलेला उद्योग. पण गळाला लावायचा किडाच कुणी घरी टेबलापाशी बसून, पिसं आणि तार वापरून तयार करत असेल, हे मला इंग्लंडला जाईपर्यंत ठाऊक नव्हतं. नोकरीच्या निमित्तानं मी दोन वर्षं सॉल्सबरी गावात राहिलो. शेजारी एक निवृत्त गृहस्थ होते. त्यांच्या बोटांना कंप सुटला होता, आणि गेल्या मोसमात तयार केलेले किडे संपत आले होते. चहाला बोलावून त्यांनी माझ्यापुढे एक लहानसा शिकंजा ठेवला आणि म्हणाले, "तुझी बोटं शाबूत आहेत. बस."

या किड्याला तिकडे निम्फ म्हणतात. नदीवर संध्याकाळी ज्या नाजूक, उभ्या पंखांच्या मेफ्लाय उडताना दिसतात, त्यांचं हे बाळपण. पंख फुटल्यावर ही माशी जेमतेम एखादा-दोन दिवस जगते. तिला खायला धड तोंडही नसतं. त्याआधीचे कित्येक महिने, काही जातींत वर्ष-दोन वर्षं, ती पाण्याखाली दगडाला आणि शेवाळाला धरून काढते. मग ट्राउट मासा काय खात असेल? वर उडणाऱ्या माश्या तो झेप घेऊन खातो, ते आपल्याला दिसतं. पण त्याचं बरंचसं जेवण पाण्याखालीच उरकतं, ते दिसत नाही.

एवढ्या साध्या गोष्टीवरून तिकडे मोठं वादंग झालं होतं, हे सांगितलं तर हसू येईल. दक्षिण इंग्लंडमधल्या चुनखडीच्या भागातल्या नद्या काचेसारख्या स्वच्छ. फ्रेडरिक हॅल्फर्ड यांच्या अनुयायांनी तिथे नियमच घालून दिला होता, की पृष्ठभागावर तरंगणारी कृत्रिम माशीच वापरायची. बुडणारी वापरणं म्हणजे गैर. जी. ई. एम. स्क्यूज नावाच्या एका वकिलानं 1910 साली पुस्तक लिहून याला छेद दिला. वाद इतका चिघळला की 1938 साली लंडनच्या फ्लायफिशर्स क्लबमध्ये त्यावर रीतसर चर्चा ठेवावी लागली. स्क्यूज तेव्हा ऐंशीच्या घरात होते. माशाला हा वाद कुणी विचारला नव्हता, हे उघडच आहे.

स्क्यूज यांचा निम्फ पाण्याच्या जरा खाली राही. तो तळाकडे नेला फ्रँक सॉयर यांनी. हे पुस्तकी विद्वान नव्हेत. विल्टशरमधल्या एव्हन नदीचे रखवालदार. (एव्हन म्हणजे जुन्या केल्टिक भाषेत नदीच, म्हणून त्या देशात एव्हन नावाच्या अनेक नद्या आहेत.) आयुष्यभर नदीत उभं राहून त्यांनी एक गोष्ट टिपली. निम्फ पोहतो तेव्हा पाय अंगाशी घट्ट आवळून घेतो. म्हणजे नकली किड्याला पाय लावायची गरजच नाही! तोवर कारागीर हौसेनं पिसांचे पाय लावत होते. सॉयर यांनी पाय काढून टाकले, आणि जाता जाता दोराही काढून टाकला. उरली फक्त दोन द्रव्यं: नर फेझंट पक्ष्याच्या शेपटीच्या पिसाचे तांबूस तंतू आणि केसाइतकी बारीक तांब्याची तार. तार बांधायचं काम करते, किड्याला वजन देते, आणि ओल्या तंतूंतून तिची लाली झळकते ती वेगळीच.

कृती ऐकायला सोपी आहे. बारीक गळ शिकंज्यात धरायचा. त्यावर तारेचे शेजारी-शेजारी वेढे द्यायचे आणि पुढच्या बाजूला, जिथे किड्याची छाती असते तिथे, जास्तीचे वेढे देऊन फुगवटा करायचा. तार मागे वाकणापाशी आणून सोडायची. पिसाचे चार तंतू घेऊन त्यांची टोकं मागे दोन-तीन मिलिमीटर बाहेर राहतील असे बांधायचे, ती शेपटी. मग तंतू आणि तार एकत्र पिळून पुढे गुंडाळत न्यायचं, म्हणजे पोटावर वळ्या उमटतात. छातीपाशी दोन्ही वेगळे करायचे आणि नुसते तंतू पुढे-मागे दोन-तीनदा घडी घालून तारेनं दाबून टाकायचे. ही घडी म्हणजे पाठीवरचा काळसर कोश, ज्यातून पुढे पंख फुटणार.

माझा पहिला निम्फ निरांजनातल्या वातीसारखा झाला. दुसऱ्यात पीळ जास्त बसला आणि तंतू तटकन तुटले. तिसरा मला सुंदर वाटला. शेजाऱ्यांनी तो काचेच्या पेल्यातल्या पाण्यात टाकला. जाडीमुळे तो रेंगाळत खाली गेला. "हा भरल्या पोटाचा आहे," ते म्हणाले, आणि पातं घेऊन सगळं कापून गळ मला परत दिला. खरी गोम तिथे होती. नवशिक्या माणसाला वाटतं, आणखी थोडं लावू या. निम्फ जितका सडपातळ, तितका झरझर बुडतो.

बुडणं महत्त्वाचं, कारण पुढचा सगळा खेळ त्यावर आहे. माशापासून बऱ्याच वरच्या अंगाला, प्रवाहाविरुद्ध निम्फ टाकायचा. तो वाहत, बुडत माशाजवळ पोचला की काठीचं टोक हलकेच उचलायचं. किडा तळातून वर निघतो, जसा खरा निम्फ पंख फुटायच्या वेळी निघतो, आणि पोट भरलेला मासासुद्धा मोहात पडतो. ही युक्तीही सॉयर यांचीच. 1958 साली त्यांनी निम्फवर स्वतंत्र पुस्तक लिहिलं आणि 1980 साली त्याच नदीच्या काठी त्यांचा देहान्त झाला.

खरे निम्फ आता तिकडच्या काही नद्यांतून कमी झाले आहेत. शेतातली माती आणि सांडपाणी यांना ते फार लवकर बळी पडतात. म्हणून मासे धरणारे हौशी लोकच जाळी घेऊन नदीत उतरतात, तळ पायानं ढवळून निम्फ मोजतात, आकडा फार घसरला तर सरकारी खात्याला कळवतात. माझे शेजारी दर महिन्याला मोजणीला जात. ट्रेमधले जिवंत निम्फ त्यांनी मला तिथेच दाखवले, आणि पाय आवळून तुरतुर पोहणारा तो पिटुकला जीव बघितल्यावर पेल्यातल्या परीक्षेचा मला राग उरला नाही.

सतरावा की अठरावा निम्फ त्यांच्या डबीत गेला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते दारात उभे. मासा हाती नव्हता. तिथल्या शिरस्त्याप्रमाणे त्यांनी तो सोडून दिला होता. हातात होता तो निम्फ, शेपटीचे दोन तंतू तुटलेला. "तार पक्की आहे," ते म्हणाले, "पीस तेवढं पुन्हा गुंडाळ."