दुपारी घरी कोण असतं?

लातूर, सोलापूर किंवा अमरावतीहून नोकरीनिमित्त पुण्यात येणाऱ्या कुटुंबाची घरशोधणी साधारण एकाच पद्धतीनं सुरू होते. ऑफिस हिंजवडीत असेल तर वाकड नाहीतर बाणेर, खराडीत असेल तर वाघोली नाहीतर विमाननगर. मग बजेट, टू बीएचके आणि एजंटच्या मागे फिरत शनिवार-रविवारी बघितलेले फ्लॅट. घर ठरवणारा माणूस बहुतेक वेळा तोच असतो, जो सकाळी आठला त्या वस्तीतून बाहेर पडणार आणि रात्री आठला परतणार. तिथे खरा दिवस काढणारी माणसं वेगळीच: दोन वाजता शाळेतून येणारं पोर, गावाहून आलेली आजी, तान्हं बाळ आणि त्याला सांभाळणाऱ्या मावशी. वस्ती त्यांच्या दुपारच्या हिशेबानं निवडावी, असं माझं म्हणणं आहे. ऑफिसचं अंतर बघू नका असं कोण म्हणेल? पण हल्ली नोकरी दोन-तीन वर्षांत बदलते, शाळा मात्र दहावीपर्यंत तीच राहावी असं सगळ्यांनाच वाटतं.

सुरुवात पाण्यापासून करावी लागते. नव्या माणसाला याचं नवल वाटतं, कारण खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर अशी चार धरणं उशाशी घेऊन बसलेलं हे शहर. पण धरण भरलं म्हणून नळाला पाणी येतंच असं नाही. पुणे महापालिकेत २०१७ मध्ये ११ गावं आली आणि २०२१ मध्ये आणखी २३. (त्यातली फुरसुंगी आणि उरुळी देवाची नंतर पुन्हा वेगळी झाली, तो राजकारणाचा भाग सोडून देऊ.) उंड्री, धायरी, आंबेगाव, लोहगाव, सूस, म्हाळुंगे, वाघोली ही नावं जाहिरातीत थेट ‘पुणे’ म्हणून येतात; पाइपलाइन त्यांच्यातल्या बऱ्याच भागांत जाहिरातीच्या मागून, रमतगमत येते आहे. महापालिकेचं पाणी मिळेपर्यंत सोय बिल्डर करेल, अशा हमीपत्रांवर शहराच्या कडेला कितीतरी इमारती उभ्या राहिल्या. बिल्डर सोसायटी ताब्यात देऊन मोकळा होतो आणि ‘सोय’ रहिवाशांच्या मेंटेनन्समध्ये येऊन बसते.

हिशेब करून बघा. शहरात माणशी रोज १३५ लिटर हे प्रमाण धरतात. २०० फ्लॅटची सोसायटी, घरटी चार माणसं, म्हणजे रोज एक लाख आठ हजार लिटर. नळ कोरडा आणि बोअर आटलेली असेल तर १० हजार लिटरचे जवळजवळ ११ टँकर, रोज. म्हणून फ्लॅट बघायला गेलात की आधी गेटवर थांबा. वॉचमनच्या केबिनमध्ये बऱ्याच ठिकाणी टँकरची वही असते: तारीख, वेळ, गाडीचा नंबर, सही. एजंट वर कुलूप उघडत असतो तेवढ्यात ती चाळायला मिळाली, तर एप्रिल-मेची पानं काढा. वॉचमनकाका आधी संशयानं बघतात, पण टँकरचा विषय निघाला की बहुधा भरभरून बोलतात. कुठला टँकरवाला उशिरा येतो, कुणाचं पाणी गढूळ, कोणत्या विंगला वरच्या मजल्यावर प्रेशर नाही, हे एजंटला ठाऊक नसतं किंवा ठाऊक असून सांगायचं नसतं.

पाण्याच्या प्रमाणाइतकाच त्याचा दर्जाही बघायला हवा. २०२५ च्या जानेवारीत सिंहगड रस्त्यालगतच्या नांदेड, किरकटवाडी, धायरी, खडकवासला या पट्ट्यात जीबीएस म्हणजे गुइलेन-बॅरे सिंड्रोमचे रुग्ण अचानक वाढले. हातापायांतली ताकद घालवणारा हा आजार, आणि रुग्णांत लहान मुलंही होती. तपासात संशयाची सुई दूषित पाण्याकडे गेली, आणि मग विहिरी, खासगी टँकर, आरओ प्लँट यांचे नमुने घेण्याची धावपळ सुरू झाली. त्या भागातल्या इमारती नव्या होत्या, लिफ्ट चकाचक, फरशी इटालियन. सोसायटी टाकी कधी धुते, क्लोरीन कोण घालतं, पाण्याची शेवटची तपासणी कधी झाली, हे विचारायला लाजू नका. सेक्रेटरीला उत्तर देता आलं नाही, तर तेही उत्तरच.

आता पाण्याची दुसरी तऱ्हा. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला आणि कात्रजपासून सहकारनगरपर्यंत ओढ्याकाठच्या सोसायट्यांच्या भिंती कोसळल्या, माणसं गेली. २५ जुलै २०२४ ला खडकवासल्यातून पाणी सोडल्यावर सिंहगड रस्त्याच्या एकतानगरीत पहाटे लोकांच्या घरात पाणी शिरलं. पार्किंगमधल्या गाड्या बुडाल्या, म्हाताऱ्या माणसांना बोटीतून काढावं लागलं. पाटबंधारे खातं नदीकाठी दोन पूररेषा आखतं. निळी रेषा म्हणजे साधारण २५ वर्षांत एकदा येईल अशा पुराची, लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदा येईल अशा पुराची. ‘रिव्हर व्ह्यू’ म्हणून दाखवलेली खिडकी यातल्या कोणत्या रेषेत येते, हे नकाशावर बघता येतं. ओढ्यांचं मात्र अवघड आहे. कितीतरी ओढे पाइपात घातले गेले, वळवले गेले, काहींवर भिंती आल्या. तिथे जुन्या रहिवाशाला विचारणं बरं: ‘काका, एकोणीस साली इथे कुठवर पाणी आलं होतं?’ पुणेकर या प्रश्नाला हात करून नेमकी पायरी दाखवतो.

शाळेबद्दल सगळे बोर्ड विचारतात: सीबीएसई की एसएससी? मी आधी गेट विचारेन. शाळेचं गेट आणि घराचं गेट यांच्यामध्ये किती रस्ते ओलांडावे लागतात, फूटपाथ आहे का, की त्यावर मिसळीची टेबलं आहेत? व्हॅनवाले काका पहिलं मूल किती वाजता उचलतात आणि तुमचं मूल त्या यादीत कितवं? चार किलोमीटरवरची शाळा व्हॅनच्या फेरीत सहज तासाभराची होते, आणि सहा वर्षांचं पोर पावणेसहाला उठतं. आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या २५ टक्के राखीव जागांसाठी अर्ज करणार असाल तर अंतर थेट प्रवेशाशी बांधलेलं आहे: आधी एक किलोमीटरच्या आतले, मग तीनच्या आतले. भाड्याचं घर असेल तर नोंदणी झालेला करार लागतो. नुसत्या स्टँपपेपरवर केलेला कागद चालत नाही. मराठी माध्यम हवं असेल तर नकाशा आपोआप आक्रसतो. पेठा, डेक्कन, सेनापती बापट रस्ता, कोथरूड, कर्वेनगर, सहकारनगर आणि तिकडे चिंचवड-निगडी. बाणेर-वाकडच्या नव्या मराठी घरांतली मुलं इंग्रजी शाळेत जातात याला पालकांची हौस कारण असेलच, पण आसपास दुसरी चांगली शाळा नसणं हेही कारण आहे.

दुपारी चार ते सात वस्तीत एकदा चालून या, एजंटशिवाय. मुलं कुठे खेळतात? सोसायटीतल्या रबरी फरशीवरच्या दोन घसरगुंड्या बारा वर्षांच्या मुलाच्या काही कामाच्या नसतात. त्याला सायकल फिरवायला गल्ली लागते, क्रिकेटला मोकळा तुकडा लागतो. पालिकेच्या बऱ्याच बागा दुपारी बंद असतात, तेव्हा पाटीवरची वेळ वाचा. या बाबतीत निगडी प्राधिकरणाचं मला कौतुक वाटतं. १९७२ मध्ये नवनगर विकास प्राधिकरण स्थापन झालं, आधी सेक्टर आखले, रुंद रस्ते आणि बागांच्या जागा ठरवल्या, मग घरं आली. तिथे अजूनही मुलं रस्त्याच्या कडेनं सायकल चालवतात. (जमीन ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्यानं दिली गेली, विकत घेताना वकिलाला कागद दाखवा.) उलट हिंजवडीला लाखो माणसं कामाला जातात आणि गाव वर्षानुवर्षं ग्रामपंचायतीतच राहिलं.

आजी-आजोबांचं गणित याच फेरफटक्यात उलगडतं. वीज गेली तर लिफ्ट चालते का, किराणा आणि औषधाचं दुकान चालत जाण्याजोगं आहे का, ज्येष्ठ नागरिक संघ जमतो का, बसायला कट्टा आहे का. कोथरूड, कर्वेनगरच्या जुन्या तीन मजली सोसायट्यांत कट्टा, देऊळ, दवाखाना सगळं हाकेच्या अंतरावर. पण लिफ्ट नाही. आजीचे गुडघे बघून ठरवा.

एका पाटीबद्दल सावध राहा: ‘फक्त फॅमिलीसाठी.’ वस्ती कुटुंबांसाठी चांगली असल्याची ती खूण आहे असं लोक धरून चालतात. प्रत्यक्षात त्या पाटीमागे कुणाला आडनाव विचारून, कुणाला जेवणातलं विचारून, कुणा एकट्या आईला ‘मिस्टर कुठे असतात’ विचारून परत पाठवलेलं असतं. अशा सोसायटीच्या पहिल्याच मीटिंगमध्ये तुमच्या मुलांचा बॉलही विषयपत्रिकेवर येणार, हे धरून चाला.

या सगळ्यामुळे मी येणाऱ्याला पहिलं वर्ष भाड्यानं राहा असंच सांगतो. पुण्यात घर विकत घेताना मुद्रांक शुल्क सात टक्के, बाईच्या नावावर घेतलं तर सहा. ७० लाखांच्या फ्लॅटवर सात टक्क्यांनी चार लाख ९० हजार होतात, शिवाय नोंदणीचे ३० हजार. वस्ती चुकली म्हणून दोन वर्षांनी विकायला काढलात तर हे पैसे गेलेच. खिडकीसमोरच्या मोकळ्या प्लॉटवर विकास आराखड्यात शाळेचं आरक्षण आहे की २४ मीटरचा डीपी रस्ता, तेही तोवर झोन दाखला काढून कळतं. मात्र करार करताना तारखेकडे लक्ष द्या. ११ महिन्यांचा करार जूनमध्ये केला तर मेच्या सुरुवातीला संपतो, आणि बऱ्याच शाळांचे प्रवेश दिवाळीनंतरच सुरू झालेले असतात. त्यामुळे घर बदलायचं की तिथेच राहायचं, हे प्रत्यक्षात दिवाळीपर्यंत ठरवावं लागतं. लॉक-इन, म्हणजे घर सोडता न येण्याची मुदत, सहा महिन्यांहून जास्त ठेवू नका. घरमालक आठ मागेल, सहावर येतो.