दुसऱ्या बेवड्याची गरज

‘श्रावण मी कडक पाळतो,’ हे वाक्य दारू शिरलेल्या कितीतरी मराठी घरांनी ऐकलेले असते. गटारीला भरपूर प्यायची, मग महिनाभर बाटलीकडे बघायचे नाही आणि गणपती गेले की पुन्हा सुरू. महिनाभर सुटते, म्हणजे आपण व्यसनी नाही, असा त्यामागचा हिशेब. खरे तर दारू थांबवणे बऱ्याच जणांना जमते, अनेकदा जमते. पुन्हा सुरू न करणे जमत नाही. आधारगट लागतो तो इथे.

मे १९३५. न्यूयॉर्कच्या शेअर बाजारातला बिल विल्सन अमेरिकेतल्या ॲक्रन या गावी एका व्यवहारासाठी आला होता. व्यवहार फिसकटला. दारू सोडून पाचेक महिने झाले होते, खिशात फारसे पैसे नव्हते आणि हॉटेलातल्या बारमधून हसण्याबोलण्याचे आवाज येत होते. त्याने लॉबीतला फोन उचलला आणि गावातल्या एका धर्मगुरूंना फोन लावला. मागणी एकच : दारूने गांजलेल्या कुणाशी तरी माझी गाठ घालून द्या. त्यातून तो पोचला डॉ. बॉब स्मिथ या शल्यविशारदाकडे. डॉक्टर पंधरा मिनिटांच्या बोलीवर आले आणि तासन्‌तास बोलत बसले. त्यांना उपदेश करणारे पुष्कळ भेटले होते. स्वतःची दारू दूर ठेवण्यासाठी त्यांच्याकडे आलेला माणूस पहिल्यांदाच भेटत होता. डॉ. बॉब यांनी शेवटची दारू घेतली तो दिवस, १० जून १९३५, हा अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसचा, म्हणजे ए.ए.चा, जन्मदिवस मानतात.

मला यातली मोलाची गोष्ट वाटते ती ही, की गरज बोलणाऱ्याला होती. आजही वीस वर्षे न प्यायलेला माणूस मीटिंगला येतो तो नव्याला वाचवायला जेवढा, तेवढाच स्वतःला सावरायला. म्हणून तिथे उपकाराचे ओझे नसते.

मुंबईत ए.ए. सुरू झाले १९५७ साली. पुण्यात १९८६ मध्ये डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या मदतीने, ‘मुक्तांगण’ हे व्यसनमुक्ती केंद्र उभे केले. तिथून उपचार घेऊन बाहेर पडलेल्यांचे गट गावोगावी भरतात. तरीही गरजेच्या मानाने मदत फार थोड्यांपर्यंत पोचते. केंद्र सरकारच्या २०१९च्या पाहणीत दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी जेमतेम एकाला काही उपचार मिळाल्याचे दिसले.

गटाआधी एक गोष्ट मात्र कळकळीने सांगायला हवी. रोज भरपूर पिणाऱ्याने घरच्या घरी एकदम बंद करू नये. दोन-तीन दिवसांत हात थरथरणे, भास, झटके असा त्रास होऊ शकतो आणि तो जिवावरही बेततो. आधी डॉक्टर, मग गट. सरकारच्या १४४४६ या मोफत क्रमांकावर जवळच्या व्यसनमुक्ती केंद्राची माहिती मिळते. ए.ए.च्या संकेतस्थळावर गटांची यादी असते.

ए.ए.ची मीटिंग बहुधा शाळेच्या वर्गात किंवा चर्चच्या हॉलमध्ये असते. साधारण तास-दीड तासाची. नाव नोंदवायचे नाही, फी नाही. डबा फिरतो, ज्याला जमेल त्याने टाकावे. बाहेरच्या देणग्या ए.ए. घेतच नाही. कुणीतरी उठून ‘मी अमुक, बेवडा’ असे म्हणतो आणि स्वतःची कहाणी सांगतो. याला शेअरिंग म्हणतात. मध्येच कुणी सल्ला देत नाही, प्रश्न विचारत नाही. नवा माणूस नुसता ऐकत बसला तरी चालते. ‘ओपन’ मीटिंगला घरचे किंवा कुतूहल असलेले कुणीही येऊ शकते. ‘क्लोज्ड’ मीटिंग फक्त दारू सोडू पाहणाऱ्यांची. ऐकलेले बाहेर न्यायचे नाही, हा शिरस्ता सगळे पाळतात. छोट्या गावात, जिथे शेजारच्या खुर्चीवर आपल्याच कचेरीतला माणूस निघू शकतो, तिथे याचे महत्त्व फार.

ए.ए.चा कार्यक्रम ज्या बारा पायऱ्यांचा आहे, त्यांत ईश्वराचा उल्लेख येतो आणि अनेक जण तिथेच अडतात. त्यात ‘ज्याला जसा उमगेल तसा’ अशी मोकळीक आहे. गटालाच ईश्वराच्या जागी मानणारे नास्तिकही तिथे टिकले आहेत. तरी न पटल्यास समुपदेशन, औषधे, इतर गट हे मार्ग आहेतच. २०२० साली कॉक्रेन या संस्थेने २७ अभ्यास आणि दहा हजारांहून अधिक लोकांची माहिती एकत्र तपासली. दारू पूर्णपणे बंद ठेवण्यात ए.ए. आणि त्याच्याशी जोडणारे उपचार इतर मान्य पद्धतींच्या तोडीचे, बहुतेकदा सरस ठरले. ते अभ्यास बहुतांशी पाश्चात्त्य देशांतले आहेत, एवढे ध्यानात ठेवावे.

पहिला गट मनाला भिडला नाही तर दुसरा पाहावा. एखाद्या गटात सगळे वयस्क, एखाद्यात पंचविशीतली मुले. बायकांना पुरुषांनी भरलेल्या खोलीत बोलणे जड जाते, कारण पिणाऱ्या बाईला समाज दुप्पट शिक्षा देतो. त्यांनी स्त्रियांच्या मीटिंगची चौकशी जरूर करावी, ऑनलाइनही करावी. आणि ‘स्लिप’ झाली, म्हणजे पुन्हा प्यायली गेली, तरी दुसऱ्या दिवशी यावे. सभासदत्वाची अट सोडण्याच्या इच्छेची आहे, सुटल्याची नाही.

घरच्यांनी तर पिणाऱ्याच्या निर्णयाची वाट बघत बसूच नये. बिलची बायको लोइस हिने १९५१ मध्ये अल-ॲनॉन हा कुटुंबीयांचा गट उभारला. मुक्तांगणमध्ये पत्नींसाठी ‘सहचरी’ गट आहे. नवरा अजून पीत असला, मीटिंगचे नाव काढताच भडकत असला, तरी तिला तिच्या गटाला जाता येते.