सणाची कोंबडी बाहेरून शिजवून घेताना

आपल्या सिंधुदुर्गात पाहुणा आला की कोंबडी-वड्यांचा बेत ठरलेला असतो. शिमग्याला आणि मे महिन्याच्या सुट्टीत चाकरमानी गावी येतात. आषाढ संपताना जावयाचा पाहुणचार होतो. नाताळात मालवण, वेंगुर्ले, सावंतवाडी भागातील ख्रिस्ती कुटुंबांत मेजवानी असते, आणि त्याच दिवसांत किनाऱ्यावर पर्यटकांची गर्दीही असते. काही घराण्यांत गौरीला तिखटाचा नैवेद्य असतो. अशा दिवशी परड्यातील एक-दोन कोंबडे कापून भागत नाही. पंधरा-वीस पाने वाढायची असतात आणि स्वयंपाकघरात काम करणारे हात मात्र दोन किंवा चारच असतात.

या कामाचा हिशोब मांडून पाहावा. वीस माणसांना प्रत्येकी पाच वडे धरले तर शंभर वडे होतात. एक वडा थापून तळायला एक मिनिट धरले तरी एक तास चाळीस मिनिटे चुलीपुढे उभे राहावे लागते. त्याआधी चार कोंबडे सोलून साफ करणे, नारळ खवणे, कांदा-खोबरे भाजणे, वाटप वाटणे आणि सागोती शिजवणे ही कामे असतातच. सणाच्या दिवशी घरातील बाई सर्वांत आधी उठते आणि सर्वांत शेवटी जेवते, ते या कामांमुळे. म्हणूनच अलीकडे बचत गटाकडून, घरगुती खानावळीकडून किंवा वाडीतील एखाद्या सुगरणीकडून सागोती आणि वडे करून घेण्याची पद्धत वाढत आहे. यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. फक्त काही गोष्टी आधी ठरवाव्या लागतात. त्या ठरल्या नाहीत तर पैसे जातात, जेवण बिघडते आणि कधी पाहुणे आजारी पडतात.

(राखणीचा कोंबडा गावच्या रीतीप्रमाणे ज्या जागी आणि ज्या हातांनी शिजवायचा असतो, तसाच तो शिजवावा. त्याचा विचार या लेखात केलेला नाही.)

ही पद्धत नवी नाही

सणाचा पक्षी दुसऱ्याच्या चुलीवर शिजवून घेण्याची चाल इतर देशांतही जुनी आहे. इंग्लंडमध्ये एकोणिसाव्या शतकात गरीब कुटुंबांच्या घरी भट्टी नसे. ती मंडळी नाताळचे हंस पक्षी गल्लीतल्या पाववाल्याकडे नेऊन त्याच्या भट्टीत भाजून घेत. चार्ल्स डिकन्सच्या १८४३ साली प्रसिद्ध झालेल्या नाताळच्या गोष्टीतही पाववाल्याच्या दुकानाकडे जेवण घेऊन निघालेली माणसे आढळतात. अमेरिकेत सणाला टर्की हा मोठा पक्षी करतात. गोठवलेली पाच-सहा किलोची टर्की शीतकपाटात नुसती सुटी व्हायलाच सुमारे तीन दिवस लागतात आणि नंतर ती भाजायला तीन तासांहून अधिक वेळ जातो. त्यामुळे तेथील अनेक कुटुंबे दुकानातून शिजवलेला पक्षी आणतात. तो बहुधा थंड केलेला असतो आणि घरी नीट गरम करून वाढायचा असतो. हे ध्यानात न घेता ऐन जेवणाच्या वेळी तो घरी आणला, तर पाहुणे ताटावर खोळंबतात. आपल्याकडेही जेवण गरम मिळणार की थंड, हा प्रश्न आधी विचारला पाहिजे.

कोणते काम बाहेर द्यावे?

सगळा स्वयंपाक बाहेर देण्याची गरज नसते. कामाची वाटणी पुढीलप्रमाणे करावी.

१) कोंबडी साफ करणे, वाटप आणि सागोती : ही कष्टाची कामे आहेत. ती बाहेर द्यावीत.

२) वडे : हेही बाहेर द्यावेत. हिशोब पिठाच्या किलोवर न ठेवता वड्यांच्या नगावर ठेवावा, कारण प्रत्येकीच्या हाताचा वडा लहान-मोठा असतो. गरम वडे पिशवीत कोंबले तर वाफेने मऊ पडतात. ते पसरून वाफ जाऊ द्यावी आणि स्वच्छ कापड घातलेल्या टोपलीतून आणावेत.

३) भात : हा घरीच आयत्या वेळी करावा. शिजलेला भात तासन् तास कोमट राहिला तर त्यात जिवाणू वाढून विष तयार होते, आणि ते पुन्हा गरम केल्याने नष्ट होत नाही.

४) सोलकढी : ही घरीच करावी. सागोती उकळते, पण सोलकढी उकळत नाही. नारळाचा कच्चा रस कोकणच्या उकाड्यात लवकर आंबतो. सकाळी केलेली सोलकढी उन्हातून आणून दुपारी वाढणे धोक्याचे आहे. कोकमाचे आगळ तयार ठेवावे, जेवणाच्या अर्धा तास आधी नारळाचा रस काढावा आणि मग दोन्ही एकत्र करावे. कोकम आंबट असल्याने कल्हई गेलेल्या तांब्या-पितळेच्या भांड्यात सोलकढी ठेवू नये.

पक्षी आपला असेल तर

आपण शेतकरी असल्याने बहुतेकांच्या घरी पक्षी असतात. गावठी पक्षी असोत, बंगळूरच्या कृषी विद्यापीठाने विकसित केलेली गिरिराजा असो किंवा हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेची वनराजा असो, पक्षी आपण द्यायचा आणि शिजवण्याची मजुरी वेगळी ठरवायची, हे दोघांनाही सोयीचे असते. तसे करताना पुढील काळजी घ्यावी.

वजन : जिवंत पक्ष्याच्या वजनाच्या साधारण दोन तृतीयांश साफ मांस मिळते. म्हणजे दीड किलोच्या कोंबड्यापासून सुमारे एक किलो. माणशी २०० ग्रॅम हाडासह मांस धरले तर वीस माणसांना ४ किलो मांस लागेल, म्हणजे दीड किलोचे चार कोंबडे. देताना जिवंत पक्षी आणि नंतर साफ केलेले मांस, दोन्ही वजने दोघांसमोर करावीत. पुढचे वाद टळतात.

वय : म्हातारी कोंबडी आणि तलंग एकाच टोपात शिजवू नये. वाढत्या वयाबरोबर स्नायूंतील चिवट धागे पक्के होतात आणि ते मऊ व्हायला जास्त वेळ लागतो. दोन्ही एकत्र घातल्यास तलंगीचे मांस विरघळून जाते आणि म्हातारीचे वातड राहते. पक्षी देतानाच त्याचे वय सांगावे.

उपाशी ठेवणे : कापण्याआधी ८ ते १२ तास पक्ष्यांचे खाद्य बंद करावे, पाणी मात्र चालू ठेवावे. आतडी रिकामी असली की साफ करताना विष्ठा मांसाला लागत नाही.

आरोग्य : मरतुक सुरू असलेल्या खुराड्यातील, मान टाकलेला किंवा सुस्त पक्षी सणासाठी कापू नये आणि कोणाला देऊही नये. महाराष्ट्रात २००६ साली नवापूर येथे बर्ड फ्ल्यूचा उद्रेक झाला होता. अचानक मरतुक दिसल्यास पशुवैद्यकीय दवाखान्यास तत्काळ कळवावे. पक्ष्यांना प्रतिजैविक औषध दिले असल्यास वेष्टनावर सांगितलेले दिवस पूर्ण होईपर्यंत ते पक्षी खाण्यासाठी वापरू नयेत.

बर्फ : आदल्या दिवशी कापलेले मांस ५ अंश सेल्सिअसच्या खाली ठेवावे. किनाऱ्यावर बर्फ सहज मिळतो, परंतु मासळीची पेटी कोंबडीसाठी वापरू नये. मांस स्वच्छ डब्यात बंद करून तो डबा बर्फात ठेवावा. वितळलेले पाणी मांसाला लागता कामा नये. सणासुदीला वीज गेली तर शीतकपाटावर भरवसा राहत नाही. अशा वेळी बर्फाची सोय नसेल, तर ज्या दिवशी कापायचे त्याच दिवशी शिजवावे.

आजार कशामुळे होतो?

कच्च्या कोंबडीत साल्मोनेला, कॅम्पिलोबॅक्टर यांसारखे जिवाणू असू शकतात. मांसाचा आतील भाग ७५ अंशांपर्यंत तापला की ते मरतात. उष्णतामापक नसेल तर सर्वांत जाड तुकडा सांध्यापाशी उघडून पाहावा. गुलाबी रस निघत असेल तर आणखी शिजवावे.

मात्र मोठ्या टोपातील सागोतीचा खरा धोका शिजल्यानंतर सुरू होतो. काही जिवाणूंची बीजे उकळूनही मरत नाहीत. रस्सा कोमट झाला की ती पुन्हा रुजतात आणि झपाट्याने वाढतात. ५ ते ६० अंश हे तापमान त्यांना मानवते. दहा लिटरचा टोप झाकून ठेवला तर तो मधोमध कित्येक तास कोमटच राहतो. रात्री शिजवून तसाच ठेवलेला टोप सकाळी वासाला चांगला लागतो, चवीलाही चांगला लागतो, आणि तरीही पोट बिघडवतो. म्हणून पुढील दोनपैकी एकच रीत पाळावी.

गरम रीत : जेवणाच्या दिवशीच शिजवावे, उकळते असतानाच झाकणाच्या जाड भांड्यात भरावे, भांडे गोधडीत गुंडाळून आणावे आणि चुलीवरून उतरल्यापासून दोन तासांच्या आत वाढावे. पंगत लांबली तर रस्सा पुन्हा चुलीवर ठेवून वाफाळता ठेवावा.

थंड रीत : आदल्या दिवशी शिजवायचे असल्यास सागोती उथळ परातींत दोन-अडीच इंच थराने ओतावी. पराती बर्फाच्या पाण्यात ठेवून रस्सा ढवळावा. दोन तासांत तो २१ अंशांपर्यंत आणि त्यापुढील चार तासांत ५ अंशांपर्यंत थंड झाला पाहिजे. मग तो शीतकपाटात ठेवावा. दुसऱ्या दिवशी पूर्ण उकळी आणून वाढावा. एकदा गरम केलेले पुन्हा थंड करून तिसऱ्यांदा गरम करू नये.

ज्यांच्याकडे शीतकपाट किंवा बर्फ नाही, त्यांनी गरम रीतच धरावी.

कोणाकडे द्यावे?

सिंधुदुर्ग १९९७ साली पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला आणि १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली. त्यानंतर घरगुती जेवणाचा व्यवसाय वाढला. महिला आर्थिक विकास महामंडळ आणि ‘उमेद’ अभियानाशी जोडलेले अनेक बचत गट आज हे काम करतात. काम देण्यापूर्वी एकदा स्वतः जाऊन पाहावे. पाणी कोठले आहे, कच्ची कोंबडी आणि शिजलेले अन्न यांच्या सुऱ्या व पाट वेगळे आहेत का, हात धुण्यास साबण आहे का, हे पाहावे. एका दिवशी किती पानांचे काम घेतले आहे, तेही विचारावे. चाळीस पानांची भांडी असलेल्या गटाने सणाच्या दिवशी शंभर पाने घेतली, तर शेवटच्या गिऱ्हाइकाला अर्धवट शिजलेले किंवा उशिराचे जेवण मिळते.

अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ नुसार लहान खाद्य व्यावसायिकासही नोंदणी करावी लागते. नोंदणी झाल्यावर चौदा आकडी क्रमांक मिळतो. तो विचारण्यात संकोच करू नये. ज्या भगिनी हे काम करतात त्यांनी नोंदणी करून घेतल्यास त्यांनाही मोठी कामे मिळणे सोपे जाते.

आगाऊ ठरवायच्या बाबी

सणाच्या किमान पंधरा दिवस आधी पुढील गोष्टी वहीत लिहून दोघांनी ठेवाव्यात.

१) तारीख आणि जेवण हाती मिळण्याची नेमकी वेळ. ‘दुपारी’ असे न लिहिता ‘साडेबारा’ असे लिहावे.
२) पक्षी कोणाचे, किती, आणि ते केव्हा पोचवायचे.
३) मजुरी, मसाला, नारळ आणि तेल यांचा वेगवेगळा दर.
४) काळीज-पेटा आणि पाय परत द्यायचे की नाही. यावरून फार रुसवे होतात.
५) तिखटाचे प्रमाण. मुंबईची मुले आणि वयस्कर माणसे यांच्यासाठी थोडी सौम्य सागोती वेगळी काढण्यास सांगावे.
६) जेवण गरम मिळणार की थंड.
७) भांडी कोणाची आणि परत केव्हा.
८) आगाऊ रक्कम किती, आणि बेत रद्द झाल्यास तिचे काय.

मजुरी ठरवताना बाजारातील खानावळीच्या ताटाचा भाव डोळ्यांसमोर ठेवावा. शेजारची बाई म्हणून तिने फुकटात किंवा अर्ध्या दरात करावे, ही अपेक्षा चुकीची आहे. तिच्याही घरी तोच सण असतो. तिचे काम आपल्या घरातील बाईचे कष्ट वाचवते, तेव्हा त्या कष्टांचे मोल तिला मिळालेच पाहिजे. पैसे जेवण मिळाल्या दिवशीच चुकते करावेत.

कोंबडीपालन करणाऱ्या शेतकऱ्यांना यात आणखी एक संधी आहे. गावठी कोंबडा सणासाठी तयार व्हायला साधारण पाच-सहा महिने लागतात. नाताळात पक्षी हवे असतील तर पिल्ले जून-जुलैतच निघालेली असावीत आणि त्यांना राणीखेत रोगाची लस वेळेवर टोचलेली असावी. जेवण करणाऱ्या गटाशी आधीच बोलणी करून ठेवली, तर सणाच्या तोंडावर व्यापाऱ्याच्या दारात डालगे घेऊन उभे राहावे लागत नाही.

तेव्हा यंदाच्या सणाला घरात बसून आधी पानांची संख्या काढा, खुराड्यातील पक्षी मोजा आणि वाडीतील जवळच्या गटाशी बोला. वाटप आणि वडे त्यांच्याकडे द्या, भात आणि सोलकढी घरी करा, आणि पहिल्याच पंगतीला घरातील बायकांची पाने मांडा.